वाढत्या अंगाचं माप



मागच्या महिन्यात मी पाचवीच्या वर्गाला ‘माझे वडील’ हा निबंध दिला. तुम्हीही दरवर्षी देत असाल. ३१ वह्या जमा झाल्या. त्यातल्या १९ वह्यांतले वडील सकाळी लवकर उठतात, व्यायाम करतात, वर्तमानपत्र वाचतात आणि नऊ वाजता ऑफिसला जातात. संध्याकाळी येताना खाऊ आणतात. रविवारी बागेत फिरायला नेतात.

आमच्या गावात बाग नाही. ऑफिस म्हणावं तर ग्रामपंचायत आणि सोसायटी, तिथे मिळून चार माणसं. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील ऊस तोडतात, टेम्पो चालवतात, दुसऱ्याच्या द्राक्षबागेत फवारणीला जातात. एकाचं केस कापायचं दुकान आहे. दोघांना वडील नाहीत, आणि त्यांच्याही वहीतले वडील नऊ वाजता ऑफिसला जातात. त्या दोन वह्यांवर काय शेरा लिहायचा ते मला सुचेना. दोन दिवस त्या तशाच पिशवीत घेऊन फिरले.

मुलांवर रागवायचा मला तसा हक्कच नव्हता. १९९१ साली पाचवीत असताना मीही हेच केलं होतं.

माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, सोलापूर जिल्ह्यात कुर्डुवाडीला टेलरिंग करायचे. मी मैत्रिणीच्या गाईडमधून निबंध उतरवला. त्यात माझे वडील टाय लावून ऑफिसला गेले. १० पैकी ९ मार्क पडले, बाईंनी वर्गात उभं करून वाचून घेतला. शाळा सुटल्यावर मी वही घेऊन पळत दुकानात गेले आणि आण्णांनाही वाचून दाखवला. त्यांनी मशीन थांबवली, पायडलवरचे पाय खाली घेतले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“झ्याक लिवलंयस,” म्हणाले. “पर हे कुणाचं वडील हायत?”

दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. आण्णाही हसले आणि पुन्हा मशीन चालू केली. मला मात्र वही कुठे लपवू असं झालं.

हा किस्सा मी वर्गाला सांगितला. मुलं खो खो हसली. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मग बाई, खरा निबंध तुम्ही कधी लिहिला?”

कधीच नाही! म्हणून आमचं असं ठरलं की मुलांनी निबंध परत लिहायचा आणि बाईंनीही लिहायचा. ऑफिस, बाग, खाऊ हे शब्द बंद. वडील नसतील तर घरात जे कुणी तुमची काळजी घेतं त्यांच्यावर लिहायचं. सगळ्यांचे निबंध काही चांगले झाले नाहीत, खोटं कशाला सांगू. पण टेम्पोवाल्याच्या मुलीने लिहिलं की बाबा घरी आले की आधी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवतात, आणि किल्लीचा आवाज आला की मला झोप लागते. वडील नसलेल्या दोघांपैकी एकाने आजोबांवर चार ओळी लिहिल्या. दुसऱ्याची वही अजून कोरी आहे. मी विचारलेलं नाही.

आता माझा निबंध. वर्गात मी यातला अर्धाच वाचला. उरलेला अर्धा मोठ्या माणसांसाठी आहे, म्हणून तो इथे लिहिते.

आण्णांचं मूळ गाव माढा तालुक्यातलं एक खेडं. १९७२ च्या दुष्काळात ते सोळा वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढायचे. हाताला फोड आले की रात्री ते सुईने फोडायचे. ते म्हणतात, “सुई हातात धरायला तिथंच शिकलो.” दुष्काळ सरल्यावर ते कुर्डुवाडीत एका म्हाताऱ्या टेलरमास्तरकडे राहिले. पहिली दोन वर्षं काज-बटण, तुरपाई आणि कोळशाची इस्त्री पेटवणं एवढंच काम. मग पायजमा, मग शर्ट. लग्न झाल्यावर उषाची जुनी मशीन घेऊन स्टेशनकडच्या रस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे सहा फूट बाय आठ फूट, समोर पत्र्याची पडवी.

कुर्डुवाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिली असेल. गाव छोटं, पण जंक्शन मोठं. मोठी लाइन होतीच, शिवाय १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. एकीकडे बार्शी-लातूर, दुसरीकडे पंढरपूर-मिरज. रेल्वेचा कारखाना गावातच. त्या छोट्या गाडीच्या शिट्टीवर आमच्या घरचं घड्याळ चालायचं. आता रूळ रुंद झाले, शिट्ट्या बदलल्या. आण्णांना अजून वेळ चुकल्यासारखी वाटते.

त्यांचा दिवस सांगण्यासारखा काही नव्हता. सकाळी सातला दुकान उघडायचं, दुपारी भाऊ डबा घेऊन जायचा, रात्री नऊला बंद. चहा दोनदा. पान नाही, तंबाखू नाही, चौकात बसणं नाही. रात्री आले की अंगावरचे दोऱ्याचे तुकडे झटकायचे आणि आम्हा तिघा भावंडांच्या वह्या बघायला बसायचे. स्वतः चौथी शिकलेले. वहीत काय लिहिलंय ते समजायचं नाही, पण पान कोरं आहे की भरलेलं ते बघायचे, आणि अक्षर ओळीवर बसलंय का ते. शिवण सरळ आली पाहिजे तशी ओळ सरळ आली पाहिजे. माझं अक्षर आज बरं आहे, त्याचं श्रेय शाळेपेक्षा या तपासणीला जास्त जातं असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुकानात संत नामदेवांचा फोटो होता. नामदेव महाराज शिंपी समाजातले, आणि पंढरपूर आमच्यापासून पन्नासएक किलोमीटर. आषाढीला छोटी गाडी टपावरसुद्धा भरून जायची. दिंड्यांच्या पताका आण्णा फुकट शिवून द्यायचे, पण स्वतः कधी वारीला गेले नाहीत. आई चिडवायची. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. नामदेवांचं लक्ष संसारात नाही म्हणून राजाई त्यांच्यावर चिडायची, असं अभंगांत सांगितलंय. आण्णा म्हणायचे, “त्येंची बायकू भांडायची संसार बघत न्हाई म्हणून. माझी भांडती देव बघत न्हाई म्हणून. शिंप्याच्या कपाळी बायकूची बोलणी हायतच.”

मुलांना सगळ्यात आवडला तो दिवाळीचा भाग. टेलरच्या घरी दिवाळी म्हणजे काय, हे टेलरच्याच पोरांना विचारावं. दसऱ्यापासून कपड्यांचे गठ्ठे लागायचे. धनत्रयोदशीपर्यंत गावाचे कपडे पुरे करायचे आणि त्यानंतर आमचे. अभ्यंगस्नानाच्या आदल्या रात्री दहा वाजता आण्णा आमचं कापड पसरायचे. आई काजं करायची, ताई बटणं लावायची. मी आणि भाऊ झोप येऊ नये म्हणून चिंध्या निवडत बसायचो आणि तिथेच झोपायचो. पहाटे उटणं लावून अंघोळ झाली की नवा फ्रॉक अंगात जायचा. त्याला इस्त्रीची ऊब असायची. गावातल्या कुठल्याच मुलीच्या नव्या कपड्याला ती ऊब नव्हती, कारण त्यांचे कपडे आठ दिवस आधी शिवून झालेले असायचे. हे मला आता कळतं. तेव्हा मी रडायचे, की सगळ्यांचे कपडे आधी आणि आमचेच शेवटी का.

आणखी एका गोष्टीचा मला राग यायचा. वर्षाला नवा गणवेश परवडायचा नाही. जूनमध्ये स्कर्ट शिवताना आण्णा खालच्या दुमडीत चांगलं चार बोटं कापड सोडायचे. कमरेत आणि कडेच्या शिवणीतही. पुढच्या जूनला दुमड उसवायची आणि स्कर्ट खाली सोडायचा. उन्हाने विटलेल्या निळ्या कापडाच्या खाली दुमडीतलं कापड तसंच गडद राहिलेलं असायचं. त्यामुळे माझ्या स्कर्टला खाली एक गडद पट्टा यायचा आणि तिसऱ्या वर्षी दोन. मैत्रिणी पट्टे मोजायच्या. मी रडत घरी आले तर आण्णा म्हणाले, “वाढत्या अंगाचं शिवायचं आसतंय बाळ. पोरगी वाढणार, हे कापडाला आदी सांगून ठिवायचं.”

ही गोष्ट मी विसरून गेले होते. मध्यंतरी एका वर्षी आमच्या शाळेत तयार गणवेश आले. पहिल्या आठवड्यातच सहावीतल्या एका मुलाची पँट घोट्याच्या वर गेली. दुमड सोडून देऊ म्हणून मी खाली वाकून ती उलटी करून बघितली. आत अर्धा इंचही कापड नव्हतं. मी तशीच वाकलेली राहिले. मुलाला वाटलं बाईंचं काहीतरी पडलंय, तो पण खाली वाकून शोधायला लागला.

वर्गात मी इथपर्यंत वाचलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता उरलेला भाग.

मराठीत ‘कुटुंबवत्सल’ असा एक शब्द आहे. आपण तो गौरवाच्या भाषणात आणि निधनवार्तेत हमखास वापरतो. फोड करून शिकवताना मी सांगते की वत्स म्हणजे वासरू, आणि वासराला बघून गाईला पान्हा फुटतो ती माया म्हणजे वात्सल्य. वसुबारसेचा दाखला देते. मुलांना कळतं. पण दोन वासरं असली आणि दूध एकापुरतंच असलं तर ती गाय काय करते, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं. आण्णांना सगळं गाव कुटुंबवत्सल म्हणतं. मीही म्हणते. पण माझ्या ताईची गोष्ट वगळून म्हणायचं असेल तर ते पुन्हा गाईडमधलंच होईल.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. १९९३ साली दहावी झाली. त्याच उन्हाळ्यात आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, त्यासाठी व्याजाने पैसे काढले. ताईला अकरावीला जायचं होतं. आण्णा म्हणाले, “एक वरीस थांब.” आणि दुकानात दुसरी मशीन आली. आण्णा पुरुषांचे कपडे शिवायचे, ताई ब्लाऊज आणि परकर.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाची रात्र होती, लोक नुकतेच झोपले होते. आमच्याकडेही जमीन हलली, मांडणीवरची भांडी खाली आली. आण्णांनी आजीला उचलून बाहेर आणलं, आम्हाला रस्त्यावर बसवलं आणि मोजायला लागले. आजी, आई, ताई, मी, भाऊ. पाच. परत मोजलं. पाच. उजाडेपर्यंत तो माणूस मोजत होता. हात लावून, डोक्यावर, एकेकाच्या. ताईचं डोकंही त्यांनी तितक्याच वेळा मोजलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचताना कुणी असं समजू नये की तिच्यावर त्यांचा जीव कमी होता.

एका वर्षाची दोन वर्षं झाली, मग चार. कर्ज फिटलं, पण तोवर बाजारात तयार कपडे आले होते. शर्ट-पँटची कामं निम्म्यावर आली. ब्लाऊज मात्र तयार घेऊन कुणाचं भागत नाही, त्यामुळे घर ताईच्या मशीनवर आलं. मला १९९९ ला डी.एड.ला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी, होस्टेल, पाठांचं साहित्य हे सगळं कुठून आलं ते मी तेव्हा विचारलं नाही. विचारलं नाही, कारण माहीत होतं. गावात लोक बोलायचे, कमावती पोरगी बाप सोडत नाही म्हणून. ते बोलणं आण्णांच्या कानावर जायचं. ते काही बोलायचे नाहीत, मशीन जोरात चालवायचे. २००० च्या मे महिन्यात ताईचं लग्न झालं, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. आजच्या तुम्हाला ते वय कमी वाटेल. आमच्या गल्लीत तेव्हा उशीर झाला असं म्हणत होते.

मी शिक्षणसेवक म्हणून लागले. महिना ३००० रुपये मानधन. पहिल्या मानधनातून ताईला साडी घेतली. तिने ती नेसली, पदर हातात घेऊन काठाची शिवण बघितली आणि म्हणाली, “फॉल मी लावते, बाहेर पैसे देऊ नकोस.” शाळेबद्दल ती माझ्याशी कधी बोलत नाही. माझ्या मुलांचे निकाल विचारते, माझ्या वर्गाचा कधीच नाही.

आता आण्णा एकोणसत्तर वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी सुईत दोरा जात नाही. गेल्या दिवाळीत दुकान रिकामं करायचं ठरलं म्हणून आम्ही तिघं भावंडं जमलो. आण्णा पडवीत खुर्चीवर बसले होते. फळीवरून मापाच्या वह्या निघाल्या, चाळीसच्या वर. तुम्ही टेलरची वही पाहिली असेल. गिऱ्हाइकाचं नाव, खाली उंची, छाती, शोल्डर, बाही, कंबर, आणि कडेला कापडाचा तुकडा टाचलेला. त्या वह्यांत दर जूनला आणि दर दिवाळीला आमचीही मापं होती, गिऱ्हाइकांच्याच रांगेत. ‘मोठी’, ‘मधली’, ‘बारका’. माझी उंची, छाती वर्षावर्षाला वाढत गेलेली. एका वर्षापासून माझ्या मापांचं अक्षर बदललेलं होतं, ते आईचं होतं. मी मोठी झाले तसा आण्णांनी टेप आईच्या हातात दिला होता आणि स्वतः पाठ करून उभे राहायचे, ते आठवलं.

ताईची एक वही वेगळी होती. वर काही लिहिलेलं नव्हतं. आत तारखा. ब्लाऊज ३, परकर २. ब्लाऊज ५. पुढे दर. १९९३ च्या ऑगस्टपासून २००० च्या एप्रिलपर्यंत, ताईने शिवलेला प्रत्येक नग. सात वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. पानाच्या तळाला बेरजेची रेघ मारलेली. रेघेखाली काहीच नाही. एकाही पानावर बेरीज नव्हती.

ताईने पानं चाळली. भाऊ म्हणाला, “राहू दे गं आता.” तिने वही उचलली आणि पडवीत गेली.

“आण्णा, ह्याची बेरीज का केली नाही?”

आण्णांनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. दिसलं नसावं, पण हाताला समजली.

“बेरीज केली आसती तर द्यावं लागलं आसतं,” ते म्हणाले. “द्यायला नव्हतं.”

कुणीच काही बोललं नाही. मी दारात उभी होते. बाई म्हणून मी रोज सहा तास बोलते, पण तेव्हा मला शब्द सुचला नाही. त्या बेरजेत माझी डी.एड.ची फी होती.

ताई त्यांच्या पायाशी पायरीवर बसली. माझ्या पर्समधलं पेन मागून घेतलं. पहिलं पान उघडलं, बोट फिरवत खाली आली आणि थांबली.

“आण्णा, त्या श्रावणातले परकर धरलेच नाहीत. मंगळागौरीचे. अकरा होते.”

“आकरा?”

“अकरा. रात्रभर बसले होते मी.”

“मग लिव्ह की,” आण्णा म्हणाले. “माझं चुकलं आसंल.”

तिने लिहिले. दिवेलागण होईपर्यंत ती दोघं पानामागून पान करत बसली होती. तिची आठवण आणि त्यांची वही, मधूनच भांडण. दर किती होता यावरून तर चांगलंच जुंपलं. आईने आतून विचारलं, चहा टाकू का? मी हो म्हटलं.